वरातीतली घोडी आणि आठ गुंठ्यांचं रिंगण

*पत्र:*

*काका, मी अहमदपूर तालुक्यातल्या एका खेड्यात राहते, वय १९. दोन वर्षांपूर्वी मामांनी माळेगावच्या यात्रेतून मारवाडी घोडी आणली. नाव बिजली, वय ८. आधीचा मालक तिला वरातीत नाचवायचा. पुण्याला मावशीकडं असताना मी वर्षभर राइडिंग शिकले, आता बिजलीवर रोज बसते. जानेवारीच्या शेवटी पुण्यात नवशिक्यांसाठी ड्रेसाज, म्हणजे घोड्याकडून ठरलेल्या हालचाली नेमक्या करून घ्यायची स्पर्धा आहे, रिंगण २० बाय ४० मीटरचं. नाव दिलंय, हातात सात आठवडे आहेत. सरावाला रिंगण नाही. स्पीकर लागला की बिजली जागच्या जागी नाचायला लागते. मामा म्हणतात, "नाचू दे की. नाचायली म्हंजी मार्क पडतेतच. रेवाल दाखव, जज उठून उभे राहतेत." मला वाटतं तसं नसतं, पण त्यांना पटवून देता येत नाही. आई म्हणते, जाऊच नको. तयारी कशी करू? आणि पहिल्याच वेळी नंबर येईल का?*

पोरी,

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, म्हणजे पुढं मोकळं बोलता येईल. नंबर येणार नाही. आला तर पेढे पाठव, पण त्या आशेवर सात आठवडे काढू नकोस. ड्रेसाजमध्ये प्रत्येक हालचालीला ० ते १० गुण असतात, अर्धा गुणही देतात. ५ म्हणजे कसंबसं चाललं, ६ म्हणजे समाधानकारक, ७ म्हणजे बऱ्यापैकी चांगलं. १० पाहायला मी बरीच वर्षं वाट पाहिली. सगळ्यांची बेरीज करून टक्के काढतात. २०२४ साली पॅरिसला ऑलिंपिकच्या ड्रेसाजमध्ये उतरलेला पहिला भारतीय अनुष अगरवाला. त्याला ६६ टक्क्यांच्या थोडे वर गुण मिळाले. त्याची परीक्षा ग्रां प्रीची, म्हणजे सगळ्यात वरच्या वर्गाची, तुझी पहिलीतली, दोन्हीची तुलना करू नये हे मला कळतं. पण टक्क्यांकडं कोणत्या नजरेनं बघायचं ते यावरून लक्षात येईल. तू साठच्या आसपास पोचलीस तर मामांना खुशाल गावजेवण घालायला सांग.

आता मामांकडं येतो. त्यांना खुळ्यात काढू नकोस. घोडी त्यांनी आणली, तिचा कडबा आणि चंदी तेच बघत असणार, आणि ज्या बाजारात त्यांची नजर तयार झाली तिथं घोड्याचा भाव रेवालीवरच ठरतो. पाठीवर पाण्याचा तांब्या ठेवला तरी हिंदकळू नये अशी ती चाल. एका बाजूचे पुढचा-मागचा पाय जवळजवळ जोडीनं पडतात, त्यामुळं पाठ उसळत नाही आणि माणूस दिवसभर बसला तरी कंबर धरत नाही. लांबच्या मजलेला सोन्यासारखी.

पण पुण्यातला जज मजल मारायला बसलेला नसतो. त्याला तीन चाली पाहायच्या असतात. वॉकमध्ये चार पाय चार वेगळ्या ठोक्यांवर पडले पाहिजेत. ट्रॉटमध्ये, म्हणजे आपल्या दुडकीत, दोन ठोके, आणि पाय तिरप्या जोडीनं: पुढचा डावा अन् मागचा उजवा, मग उलट. कँटरमध्ये तीन ठोके आणि त्यानंतर क्षणभर चारी पाय हवेत. यातला कुठलाही ताल मोडला की बाकी कितीही देखणं असलं तरी गुण पाचाच्या खाली जायला वेळ लागत नाही. मामांची रेवाल जजच्या गुणपत्रिकेवर ताल मोडलेली चाल म्हणूनच लिहिली जाईल. हे जजचं अज्ञान वाटेल त्यांना. वाटू दे. कुस्तीच्या हौद्यात कबड्डीचे गुण मिळत नाहीत, एवढंच सांग.

बिजलीची खरी चाल आधी तपासून घे. सकाळी रस्ता रिकामा असताना मामांना तिला हातात धरून डांबरीवरून चालवू दे आणि तू डोळे मिटून ऐक. टप, टप, टप, टप असे सारख्या अंतरानं चार ठोके आले तर देवाची कृपा. टपटप, टपटप अशा जोड्या ऐकू आल्या तर रेवाल तिच्या अंगात भिनली आहे. मग मोबाइलवर बाजूनं सावकाश गतीचं चित्रीकरण कर, पाय दिसतीलच.

भिनली असेल तर औषध म्हणजे जमिनीवर आडवी लाकडं. बाभळीचे चार-पाच वासे घे, एक अंग तासून सपाट कर म्हणजे पाय लागला तरी गडगडणार नाहीत. गोल पाइप वापरू नकोस, घोडीचा पाय त्यावरून घसरला तर स्पर्धा राहील बाजूला. वॉकसाठी ८० ते ९० सेंटिमीटर अंतर, ट्रॉटसाठी बिजलीच्या उंचीच्या घोडीला १.१० ते १.२५ मीटर. तिचं पाऊल कुठं पडतंय ते बघून दोन-चार बोटं इकडंतिकडं कर. लाकूड ओलांडताना प्रत्येक पाय स्वतंत्र उचलावा लागतो, एका बाजूचे दोन्ही जोडीनं टाकणं अवघड जातं. पहिल्या दिवशी एकच लाकूड. आठवड्यातून दोनदा पंधरा-वीस मिनिटं पुरे. आणि रोज लगाम लांब सोडून माळावरच्या चढाला चालवत ने. गंमत अशी की बऱ्याच टेस्टमध्ये, म्हणजे रिंगणात करायच्या हालचालींच्या ठरलेल्या क्रमात, लांब लगामावरच्या या साध्या चालण्याला दुप्पट गुण धरतात, आणि घरी त्याचाच सराव सगळ्यात कमी होतो. चालण्यात काय शिकायचंय, असं सगळ्यांनाच वाटतं.

नाचाचं मात्र वेगळं आहे, आणि तुझ्या पत्रातली माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच.

ड्रेसाजच्या वरच्या वर्गात घोडा जागच्या जागी दुडकी करतो, त्याला पियाफ म्हणतात. मामांनी कधी मोबाइलवर ते पाहिलं असेल तर 'आपली बिजली हेच तर करते' असं त्यांना वाटणं साहजिक आहे. पण पियाफमध्ये घोड्याचा मागचा भाग खाली बसतो, पाठ वर येते, आणि तिथं पोचायला वर्षं लागतात. वरातीतल्या घोडीची मान आभाळाकडं, पाठ पोकळ, डोळ्यांचं पांढरं दिसतंय. बँड वाजला की पाय उचलायचे, नाही उचलले तर तोंडात हिसका, हे ती शिकलेली असते. तो नाच तिच्या लेखी हिसका चुकवायची धडपड आहे. म्हणून स्पीकर लागला की ती नाचते. तिला आधीचा मालक आठवतो.

तेव्हा आधी तिचं तोंड बघ. जनावरांच्या डॉक्टरांना बोलाव. उदगीर आणि परभणीला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तुमच्यापासून फार लांब नाहीत. जिभेवर जुने वण, दात नसलेल्या हिरडीवर गाठ, ओठांच्या कोपऱ्यात कडक झालेली कातडी काही आहे का ते पाहायला सांग. दाढांना धार आली असेल तर कानस मारून घे. आणि घरात काटेरी लगाम पडला असेल तर तो खुंटीवरही ठेवू नकोस. जनावरांना क्रूरतेनं वागवण्याविरुद्धच्या १९६५ च्या नियमांनी तो बंद केलेला आहे, हे मामांना सांगायला हरकत नाही. तुझ्या वर्गाला साधं गुळगुळीत कडियाळ लागतं, बहुतेक ठिकाणी तेवढंच चालतं. तोंडात तेच असू दे आणि तुझा हात पाळण्याच्या दोरीवर असावा तसा.

आता तिला एक गोष्ट शिकवायची आहे जी आयुष्यात तिला कुणी करू दिलेली नाही: गर्दी आणि गोंगाटात उभं राहणं.

रिंगणाच्या कडेला खुणेची अक्षरं असतात. टेस्टमध्ये तू 'ए' या अक्षरापासून मधल्या रेषेवरून आत येशील. काही टेस्टमध्ये सुरुवातीलाच आणि सगळ्यांत शेवटी थांबून जजला सलाम करायचा असतो. चारी पाय चौकोनात, अंग सरळ, हालचाल नाही. लगाम एका हातात, दुसरा हात खाली सोडायचा, मान लववायची. दोन-तीन सेकंदांचं काम. नवशिक्यांचे सगळ्यात जास्त गुण तिथं सांडतात, कारण थांबण्याचा सराव म्हणजे वेळ फुकट, असं त्यांना वाटतं. वरातीच्या घोडीला तर थांबणं म्हणजे मार खाणं. ती रिंगणाच्या मधोमध, 'एक्स'वर, उभी राहिली आणि कान ढिले सोडले, तर जज ७ देवो की ५, मी तुला १० देईन.

कसं करायचं? शेतातल्या आखाड्यावर छोटा स्पीकर आण. पहिल्यांदा शंभर पावलांवर, आवाज अगदी बारीक. तू खाली उभी, दोरी हातात, तिच्यापुढं लसूणघास. गाणं सुरू, घास सुरू. गाणं बंद, घास बंद. तीन-चार दिवसांनी वीस पावलं जवळ. कान मागं गेले किंवा पाय चुळबुळले तर समज की घाई झाली, परत लांब जा. पंधरा दिवसांनी पाठीवर बसून हेच. ती नाचायला लागलीच तर लगाम ओढू नकोस, ओढलास की तिचं जुनं गणित बरोबर ठरतं. तिला अलगद गोलात घाल, पुढं चालव, लगाम दे, चार पावलं सरळ चालली की थांबव आणि मानेवर हात फिरव. तोंडानं चुचकारायची सवय असेल तर आतापासून सोड. रिंगणात आवाज काढला की ज्या हालचालीत काढला तिचे गुण कापतात.

नुसत्या स्पीकरनं भागत नाही. जज टेबलावर बसतो, टेबलावर कापड फडफडतं, शेजारी लिहिणारा असतो, अक्षरांपाशी कुंड्या असतात, कुणीतरी छत्री उघडतं. हे सगळं घरी मांड. मामांनाच खुर्ची टाकून जज बसव. दोन गोष्टी एकदम साधतील.

रिंगणाचं रडगाणं मात्र मला मान्य नाही. २० बाय ४० म्हणजे ८०० चौरस मीटर, आठ गुंठे. आठ गुंठे मोकळे नाहीत असं अहमदपूर तालुक्यात म्हणू नकोस. जागा निवडताना जप. काळ्या जमिनीला आता भेगा पडल्या असतील, खूर अडकेल. तूर काढलेल्या वावरात धसकटं असतात, ती पोटऱ्या फोडतात. मुरमाड माळ बघ, दगड वेचून काढ. एक बाजू दोरीनं ४० मीटर आख. काटकोनासाठी गवंडी करतात तसं कर: एका बाजूवर ३ मीटर, दुसरीवर ४ मीटर, आणि त्या दोन खुणांमधलं अंतर बरोबर ५ मीटर. चारी कोपरे झाले की दोन्ही कर्ण मोज. दोन्ही ४४.७२ मीटर आले की रिंगण खरं. चुन्यानं रेषा मार.

अक्षरं उपड्या घमेल्यांवर लिही. आखूड बाजूंच्या मधोमध 'ए' आणि 'सी'. 'ए'कडून आत येऊन 'सी'कडं तोंड केलंस की डाव्या हाताला क्रमानं 'के', 'ई', 'एच' आणि उजव्या हाताला 'एफ', 'बी', 'एम'. 'ई' आणि 'बी' लांब बाजूंच्या मध्यावर, २० मीटरवर. बाकी चार कोपऱ्यांपासून ६ मीटरवर. मधोमध 'एक्स', त्याला खूण नसते, तो डोक्यात.

आता ज्याच्यावर लोक वर्षानुवर्षं गुण घालवतात ती गोष्ट: २० मीटरचा गोल. 'ए'पाशी गोल काढायचा तर तो 'ए'ला शिवतो, लांब बाजूला कोपऱ्यापासून १० मीटरवर शिवतो, मग 'एक्स'ला आणि मग समोरच्या लांब बाजूला पुन्हा १० मीटरवर. 'के' किंवा 'एफ'ला नव्हे, त्या अक्षरांपासून आणखी ४ मीटर आत. नवशिका 'के' दिसला की तिकडं जातो, कोपऱ्यात शिरतो, आणि गोलाचा बटाटा होतो. मधल्या रेषेवर 'ए'पासून १० मीटरवर खुंटी ठोक, १० मीटर दोरी बांध, दोरी ताणून चुन्यानं पूर्ण गोल काढ. आठवडाभर त्या रेषेवर चाल. मग रेषा पुसून चाल. बिजलीचे खूर जमिनीत उमटतात, ते खोटं बोलत नाहीत.

टेस्टमध्ये अक्षरापाशी काही बदलायचं असतं, जसं वॉकवरून ट्रॉट, तेव्हा तुझं शरीर त्या अक्षरासमोर आल्यावर बदल दिसला पाहिजे. म्हणजे तयारी दोन-तीन घोडीलांबी आधी. ट्रॉटमध्ये उठबस करताना बाहेरचा खांदा पुढं जाईल तेव्हा उठायचं, हे तुला पुण्याला शिकवलं असेलच.

टेस्ट पाठ करायची ती पायी. अंगणात रांगोळीनं २ मीटर बाय ४ मीटरचं रिंगण काढ आणि स्वतः घोडी होऊन चाल. आई-मामा हसतील, हसू दे. घोडीवर मात्र पूर्ण टेस्ट आठवड्यातून एकदाच. बाकी दिवस तुकडे, आणि तेही उलटसुलट क्रमानं.

हे मी अक्कलखात्यात जमा केलेलं शहाणपण आहे. माझ्या पहिल्या स्पर्धेआधी मी तीच टेस्ट रोज दोनदा, महिनाभर घोकली. घोडा माझ्यापेक्षा हुशार निघाला, त्याचीही पाठ झाली. स्पर्धेत 'के' यायच्या आधीच त्यानं कँटर धरला, मी आवरला, त्यानं पुढच्या अक्षराची वाट न पाहता वळण घेतलं, आणि शेवटच्या सलामाला तो स्वतःहून थांबला, माझ्या आधी सहा पावलं. गुणपत्रिकेवर जजनं लिहिलं होतं: घोड्याला टेस्ट उत्तम येते. तो कागद अजून माझ्याकडं आहे. तुलाही असा कागद मिळेल, प्रत्येक हालचालीपुढं गुण आणि चार शब्द. चषक कुणाला मिळतो ते बघत बसण्यापेक्षा तो घेऊन घरी ये.

यंदा बिजलीला माळेगावला नेऊ नका. मामांना हे कडू लागेल, मला माहीत आहे. मार्गशीर्षातली यात्रा नेमकी तुझ्या सात आठवड्यांच्या मधोमध येते. शेकडो घोडी एका माळावर, एका हौदावर पाणी, कुणाच्या नाकाला शेंबूड आहे ते कोण बघतो? ग्लँडर्स नावाचा रोग घोड्यांमधून माणसांतही येतो. तो सापडला तर सरकारी नियमानुसार जनावर मारून टाकावं लागतं. त्याला औषध देऊन बघू, असा पर्याय नाही. मामांनी एकट्यानं जावं, खंडोबाला भंडारा वाहावा, आल्यावर हातपाय धुवून कपडे बदलून मगच बिजलीजवळ जावं. गर्दीची सवय लावायची तर आठवडी बाजाराच्या दिवशी तिला गावाबाहेर, आवाज येईल पण दुसरं जनावर शिवणार नाही अशा ठिकाणी उभी कर.

ग्लँडर्सच्या रक्ततपासणीचा दाखला बहुतेक आयोजक मागतात. भारतात या रोगाचं मुख्य केंद्र हिसारचं राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र. रक्त कुठं द्यायचं, अहवाल किती दिवसांत येतो, तो किती दिवस चालतो हे आजच डॉक्टरांना विचार, नाहीतर घोडी तयार आणि कागद टपालात, असं होईल. धनुर्वाताची लस झाली आहे का ते बघ. नालबंदाला स्पर्धेच्या आठ-दहा दिवस आधी बोलाव. आदल्या दिवशी खिळा चुकला तर लंगडी घोडी घेऊन परत यावं लागेल, कारण लंगडणाऱ्या जनावराला रिंगणातून बाहेर काढतात. घोडीचा पासपोर्ट, तुझी नोंदणी, विमा यातलं काय काय हवं ते आयोजकांकडून लेखी घे. तोंडी उत्तरावर विसंबू नकोस.

आणि मलम. मामांकडं पायाला चोळायचं एखादं झणझणीत मलम असणारच. स्पर्धेच्या आधी ते कपाटात. मिरचीतलं कॅप्सेसिन घोड्यांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत बंदी घातलेलं आहे. २००८ च्या ऑलिंपिकमध्ये त्यापायी उड्यांच्या स्पर्धेतले घोडे बाद झाले होते. कुठलीही वेदनाशामक गोळी, चूर्ण, टॉनिक डॉक्टरांना आणि आयोजकांना विचारल्याशिवाय नको. घोडी दुखत असेल तर स्पर्धाच नको.

प्रवास साडेतीनशे किलोमीटरच्या पुढं आहे, तेव्हा किमान दोन दिवस आधी पोचा. टेम्पोत चढायचा सराव आत्तापासून, रिकाम्या टेम्पोत चंदी खाऊ घालून. वाटेत दर तीन-चार तासांनी गाडी थांबवा, पाणी दाखवा. मान आखूड बांधू नका. तास न् तास मान वर राहिली की नाकातली, घशातली घाण बाहेर पडत नाही आणि घोड्याला न्यूमोनिया होतो. कडबा, लसूणघास, भिजवलेला हरभरा, सगळं घरचं न्या. तिथं फुकट मिळालं तरी नवा चारा एकदम नको, पोटशूळ उठायला एक दिवस पुरतो. परगावचं पाणी पीत नाहीत काही घोडी. घरीच आठ दिवस पाण्यात थोडा गूळ घालायची सवय लाव, मग पुण्यातही गुळाचंच पाणी.

कपड्यांचा घोर करू नकोस. हेल्मेट पक्कं आणि पट्टा लागणारं हवं, तिथं काटकसर नाही. फिकी ब्रीचेस (घोडेस्वारीची घट्ट विजार), पांढरा शर्ट, गडद कोट, केस बांधलेले. कोट उसना मिळतो. बूट जुने असले तरी पॉलिश केलेले. बिजलीला खरारा करून तजेला आण, आयाळ विंचरून वेणी घाल. झूल, गोंडे, घुंगरू, कपाळावरचा तुरा घरी. ती वरातीचीच साज-सामग्री, तिलाही तसंच वाटेल.

त्या दिवशी तासभर आधी तिला नुसती चालव, सगळं दाखव. मग वॉर्म-अप ३०-४० मिनिटं. बहुतेक वॉक, अधूनमधून ट्रॉट, भरपूर वेळा थांबणं. समोरून दुसरा स्वार आला तर तुझा डावा हात त्याच्या डाव्या हाताच्या बाजूनं जाऊ दे. तिथं कुणीतरी अनोळखी माणूस येऊन तुला लगाम आखूड कर, टाच मार असं सांगेलच. हसून हो म्हण आणि तुझं तूच कर. घंटा झाली की आंतरराष्ट्रीय नियमात ४५ सेकंदांत आत जावं लागतं. ती वेळ तुझ्या स्पर्धेत किती ते कागदावर बघ. मध्ये वाट चुकलीस तर जज पुन्हा घंटा वाजवेल. घाबरू नकोस, थांब, तो सांगेल तिथून पुढं जा. पहिल्या चुकीला थोडे गुण जातात, इतकंच. चारही पाय रेषेबाहेर गेले तर मात्र बाद, म्हणून घरच्या चुन्याच्या रेषेला भिंत समज.

२०२३ मध्ये हांगचौच्या आशियाई स्पर्धेत सुदीप्ती हजेला, दिव्यकृती सिंग, हृदय छेडा आणि अनुष यांनी ड्रेसाजचं सांघिक सुवर्ण आणलं, तेव्हापासून मला अशी पत्रं जास्त यायला लागली. आनंद आहे. पण ते घोडे युरोपातले, पिढ्यान् पिढ्या याच कामासाठी जोपासलेले. बिजलीचा मोकळा खांदा, वळलेले कान, उंच मान, यात ती त्यांच्यासारखी दिसणार नाही आणि दिसावं असा प्रयत्नही करू नकोस. मान खाली आणायला तोंड ओढलंस तर नाक छातीला लागेल आणि पाठ तशीच पोकळ राहील.

आता आई. त्यांना नुसती काळजी करत ओट्यावर बसवू नकोस, काम दे. नवशिक्यांच्या पुष्कळ स्पर्धांत टेस्ट बाहेरून वाचून दाखवायला परवानगी असते. तुझ्या स्पर्धेत आहे का ते विचार, आणि नसली तरी घरी सरावाला वाचणारं माणूस लागतंच. आईंना 'ई'च्या घमेल्याशेजारी, रेषेबाहेर उभं कर. अक्षर यायच्या थोडं आधी, मोठ्यानं आणि सावकाश वाचायला सांग, प्रत्येक ओळ एकदाच. फक्त 'थांबा आणि सलाम' ही ओळ वाचून झाली की मध्येच 'जपून गं' म्हणायचं नाही. तेवढ्यानं बिजली निघेल.